फार्स नावाचं पुरण

शिक्षण संपलं त्या वर्षी मी एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. जागा एक होती आणि आम्ही नऊ जण होतो. सकाळी दहाला बोलावलं होतं, दुपारी तीनला आत घेतलं. समोर तीन माणसं बसली होती. त्यांनी नाव विचारलं, प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती पाहिल्या, विषयावरचे चार प्रश्न विचारले, माझी उत्तरं समोरच्या कागदावर टिपून घेतली. सगळं रीतसर झालं. बाहेर पडलो तर जिन्यात तिथले शिपाईमामा भेटले. सकाळपासून आम्हाला पाणी आणून देणारा हा माणूस. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “सर, मनाला लावून घेऊ नका. माणूस कधीच ठरलाय. आज नुसता फार्स होता.”

नोकरी हुकल्याचं दुःख काही महिन्यांत ओसरलं. मामांचा शब्द मात्र माझ्याकडेच राहिला. त्यांनी तो इतक्या अचूकपणे वापरला होता, की पुढे त्याचा माग काढत मी किती तरी पुस्तकांपर्यंत जाऊन पोचलो.

अचूकपणे म्हणजे कसा, ते आधी पाहू. खोटेपणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही आणि रंगमंचाने त्यातले बरेच पुरवले आहेत. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवणारा मुलगा ‘नाटक’ करतो. घरातलं भांडण चव्हाट्यावर आलं की ‘तमाशा’ होतो. ‘सोंग’ एकट्या माणसाला आणता येतं, फक्त पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. ‘देखावा’ डोळ्यांपुरता असतो. तमाशातल्या गण, गवळण आणि वग यांच्यामध्ये जी विनोदी ‘बतावणी’ येते, तिनेही बोलण्यात ‘खोटा आव’ हा अर्थ घेतला आहे. मग या सगळ्यांना सोडून मामांनी फार्सच का निवडला?

कारण फार्सला यंत्रणा लागते. टेबल, फाइल, हजेरीपत्रक, सही, शिक्का, साक्षीदार, इतिवृत्त. त्याचं व्याकरणही ठरलेलं आहे. पुढे फार्स आणि मागे षष्ठी: चौकशीचा फार्स, मुलाखतीचा फार्स, निविदांचा फार्स, निवडणुकीचा फार्स. पोटदुखीचा फार्स कुणी म्हणत नाही. जी कृती खरोखर करायची असते, जिला नियम असतात, ती सगळ्या नियमांसह पार पाडायची, पण तिच्यातून जे ठरायचं ते आधीच ठरलेलं असायचं. वरचं आवरण पुरं, आत काही नाही. मराठीत आज ‘फार्स’ हा पोकळीचा शब्द आहे.

आणि नवल असं, की हा शब्द जन्माला आला तो भरण्याच्या कामातून.

लॅटिनमध्ये ‘फार्किरे’ असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ ठासून भरणं, कोंबणं. त्यातून फ्रेंचमध्ये ‘फार्स’ आला आणि तो आजही तिथल्या स्वयंपाकघरात आहे. कोंबडीच्या पोटात भरायचा मसालेदार खिमा म्हणजे फार्स. टोमॅटो कोरून, त्यात खिमा भरून भाजले की ते ‘तोमात फार्सी’. आपण भरली वांगी म्हणतो, तितकाच तो घरगुती शब्द आहे. (आपल्या मोडी दफ्तरांतल्या फारसीशी या फार्सीचं काहीही नातं नाही.) याच धातूतून वैद्यकशास्त्रातलं ‘इन्फार्क्शन’ आलं आहे. हृदयविकाराच्या झटक्याला डॉक्टर थोडक्यात ‘एमआय’ म्हणतात. त्यातला ‘आय’ म्हणजे इन्फार्क्शन, ज्याचा मूळ अर्थ आत कोंबलं जाणं. रोहिणी कोंदली, रक्त अडलं आणि स्नायूचा तुकडा मेला, ही कल्पना त्या नावात आहे. रंगमंचावरचा हशा आणि अतिदक्षता विभागातलं निदान हे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत.

आपल्याकडे याला नेमका तोलणारा शब्द आहे ‘पुरण’. संस्कृतात पूरण म्हणजे भरणं. पोळीत भरायचं म्हणून डाळ-गुळाच्या त्या गोळ्याला कृतीचंच नाव मिळालं आणि ती कृती विसरली गेली. गोव्यातही असंच झालं. पोर्तुगीजमध्ये ‘रेशेआदु’ म्हणजे भरलेलं. बांगडा चिरून त्यात लाल मसाला भरायचा, म्हणून तो रेशाद बांगडा. आता रेशाद हे त्या मसाल्याचंच नाव होऊन बसलं आहे आणि न भरता नुसता वरून लावला तरी तो रेशादच. भरण्याचे शब्द असे सरकतात. भरण्याच्या क्रियेवरून ते भरलेल्या वस्तूवर जातात आणि तिथून आणखी कुठे जातील ते सांगता येत नाही.

फ्रेंच फार्स स्वयंपाकघरातून निघाला तो थेट चर्चमध्ये गेला. मध्ययुगीन ख्रिस्ती उपासनेत ‘कीरिये एलेइसॉन’ ही ग्रीक प्रार्थना होती, ‘प्रभू, दया कर’ एवढ्याच अर्थाची. ती गाताना एकेका अक्षरावर सूर लांबत जात. त्या लांबलेल्या सुरांवर गायकांनी लॅटिन शब्द बसवायला सुरुवात केली. ‘कीरिये’ आणि ‘एलेइसॉन’ यांच्यामध्ये देवाची विशेषणं, स्तुती, विनवणी भरली जाऊ लागली. अशा प्रार्थनेला ‘भरलेली’ म्हणजे फार्सिता म्हणत. पुढे धर्मग्रंथातल्या पाठांचंही तसंच झालं. २६ डिसेंबरला संत स्टीफनच्या सणाला जो पाठ वाचला जाई, त्यात लॅटिनचं एक वाक्य झालं की त्याचा अर्थ लोकांच्या फ्रेंचमध्ये गायचा आणि मग पुढचं लॅटिन वाक्य घ्यायचं, अशी रीत काही ठिकाणी होती. आपल्याकडचा कीर्तनकार अभंगाचा एक चरण म्हणतो, थांबतो, निरूपण करतो, एखादा दृष्टान्त सांगतो आणि पुन्हा चरणावर येतो. हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ती भरण चटकन कळेल. शास्त्र एका भाषेत आणि ऐकणारा दुसऱ्या भाषेत असला की मधली फट कुणीतरी भरायची असते.

त्यानंतर धार्मिक नाट्यं आली. येशूच्या आणि संतांच्या जीवनावरची ही नाटकं चौकात होत आणि काही तर दिवस दिवस चालत. इतका वेळ बसलेल्या लोकांसाठी मध्ये हसण्याचे तुकडे घालत. नवरा-बायकोची जुंपलेली भांडणं, लबाड व्यापारी, मूर्ख शिपाई, भोंदू साधू. गंभीर पोळीतलं हे पुरण, म्हणून त्याला फार्स म्हटलं जाऊ लागलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पंधराव्या शतकात हे तुकडे स्वतंत्र झाले. त्या काळातले दीडशेच्या वर फ्रेंच फार्स आज उपलब्ध आहेत. बहुतेक छोटे आहेत आणि लेखकांची नावं हरवली आहेत.

त्यांतला एक मात्र थांबून सांगायलाच हवा. १४६० च्या सुमाराचा, वकील पातलँ याचा फार्स. हाही अनामिक. पातलँ हा पक्षकार नसलेला वकील. अंगावरचे कपडे विरलेले, बायको करवादलेली. तो गोड बोलून एका कापडवाल्याकडून उधारीवर उंची कापड आणतो. कापडवाला पैसे मागायला घरी येतो तर पातलँ अंथरुणात पडून वाताच्या झटक्यात एकामागून एक भलत्याच बोलींत बरळतोय आणि बायको रडतेय, ‘हे तर कित्येक आठवडे उठलेलेच नाहीत, तुम्हाला कापड घेताना दिसले कसे?’ कापडवाला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत परततो.

आता दुसरा धागा. त्याच कापडवाल्याच्या मेंढ्या राखणारा गुराखी मेंढ्या मारून खात असतो. कापडवाला त्याला कोर्टात खेचतो. गुराखी वकील शोधतो आणि त्याला मिळतो पातलँ. पातलँ त्याला शिकवतो, की न्यायाधीशाने काहीही विचारलं तरी मेंढीसारखं ‘बें’ करायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. खटला उभा राहतो. कापडवाला बोलायला उठतो आणि समोर कोण, तर मरणाच्या दारात असलेला पातलँ! त्याचा तोल जातो. मेंढ्यांबद्दल सांगता सांगता तो कापडावर घसरतो, कापडावरून पुन्हा मेंढ्यांवर. न्यायाधीश त्याला परत परत बजावतो, की मेंढ्यांकडे या. ‘मेंढ्यांकडे परत येऊ’ ही फ्रेंचमध्ये म्हण होऊन बसली आहे, विषयावर या असं सांगण्यासाठी. शेवटी फिर्यादी वेडा आणि आरोपी अर्धवट ठरवून न्यायाधीश गुराख्याला सोडून देतो. पातलँ आपली फी मागतो. गुराखी म्हणतो, ‘बें’.

साडेपाचशे वर्षांनंतरही हे वाचताना मी मोठ्याने हसतो आणि त्याचं कारण फक्त विनोद नाही. यात एक कडक हिशेब आहे. प्रत्येक लबाडी पुढच्या लबाडाचं हत्यार होते. पातलँने गुराख्याला जे शिकवलं तेच त्याच्यावर उलटतं, आणि तेही सगळ्यात साध्या माणसाच्या तोंडून. ‘पातलँ’ या नावावरून फ्रेंचमध्ये गोड बोलून गंडवण्याचं क्रियापद तयार झालं, पण गोष्ट संपते ती पातलँ गंडल्यावर. फार्सचा हा कायदा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

फार्सचा आणि आपल्या किनाऱ्याचा पहिला संबंधही फार लवकरचा आहे. गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेलं १५१० मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी, १५०९ मध्ये, पोर्तुगालचा नाटककार जिल विसेंत याने ‘आउतु दा इंदिया’ म्हणजे भारताचं नाट्य रंगवलं. नाव भारताचं, पण सगळा प्रकार लिस्बनमधल्या एका घरात घडतो. नवरा आरमाराबरोबर भारताकडे गेला आहे. तो खरंच जहाजावर चढला ना, याची बायकोला भारी काळजी, कारण त्याच्या मागे तिचे दोन प्रियकर घरी यायचे आहेत. एक आत आणि एक रात्री खिडकीखाली ताटकळलेला. तीन वर्षांनी नवरा परततो आणि सागराचे हाल सांगतो. तीही विरहाचे हाल सांगते. मसाल्याच्या व्यापाराचे आणि विजयाचे गोडवे गाण्याच्या त्या दिवसांत, राणीसमोर झालेल्या या खेळाने रिकाम्या घराकडे बोट दाखवलं होतं. पोर्तुगीज भाषेतला हा पहिला फार्स मानतात.

इकडे भारतात अशा नाट्याला केव्हाच नाव होतं, प्रहसन. भरताच्या नाट्यशास्त्रात दहा रूपकांमध्ये ते मोजलेलं आहे. फार्सला नाव मिळालं ते मध्ये भरण्यावरून, प्रहसनाला मिळालं ते पाहणाऱ्याच्या हसण्यावरून. सातव्या शतकात कांचीचा पल्लव राजा महेंद्रवर्मा याने ‘मत्तविलास’ लिहिलं. त्यात एका झिंगलेल्या कापालिकाचं भिक्षेचं कवटीपात्र हरवतं, तो बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, एक पाशुपत निवाड्याला बसतो आणि पात्र अखेर सापडतं एका वेड्याजवळ, ज्याने ते कुत्र्याकडून मिळवलेलं असतं. राज्य चालवणाऱ्या माणसाने निवाड्याच्या ढोंगावर हसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठी रंगभूमीला मात्र प्रहसनाची वस्तू इंग्रजांकडून आली आणि नावासकट आली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यानंतर पौराणिक नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात इंग्रजी नाटकांची रीत अशी, की मुख्य खेळ संपल्यावर एक छोटा फार्स करायचा. १८५३ मध्ये पारशी मंडळींनी रुस्तुम-सोहराबचा खेळ केला, तेव्हा त्याला जोडून एक फार्स केला. त्या दशकातच मराठी मंडळ्याही रात्रभराच्या आख्यानानंतर फार्स लावू लागल्या. देव-दानवांची युद्धं झाल्यावर त्याच रंगमंचावर जरठ-कुमारी विवाह, दारू, अर्धवट इंग्रजी शिकलेला तरुण, भोंदूबुवा हे अवतरत. माझ्या मते आपल्या सामाजिक नाटकाने पहिले पाऊल टाकले ते या शेपटातच. मुखवटे आणि मुकुट उतरवून मराठी रंगभूमी प्रथम स्वतःच्या गल्लीत आली ती फार्समधून, आणि नाट्येतिहासात त्याची नोंद असते त्याहून ठळक असायला हवी.

फ्रेंच नाटककार मोलियेरही इथे लवकर पोचला. १६६६ च्या त्याच्या ‘मारून वैद्य’ झालेल्या लाकूडतोड्याचं हरि नारायण आपटे यांनी ‘मारून मुटकून वैद्यबोवा’ केलं. त्याहून सुंदर प्रवास संशयी नवऱ्याचा आहे. १६६० मध्ये मोलियेरने एका तसबिरीवरून बायकोचा संशय घेणारा नवरा रंगवला. १७६१ मध्ये लंडनला आर्थर मर्फी याने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ लिहिलं. गोविंद बल्लाळ देवल यांनी ते १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून मराठीत आणलं आणि पुढे त्यात पदं घातली. १९१६ मध्ये ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगभूमीवर आलं, देवलांच्या निधनाच्याच वर्षी. पॅरिसचा तो संशयात्मा आज आपल्याला पुण्याच्या पेठेतला वाटतो. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना कुणी परकं म्हणणार नाही.

आणि मग मावशी. ब्रँडन टॉमस याचं ‘चार्लीज आँट’ १८९२ मध्ये आलं आणि लंडनमध्ये त्याचे सलग १,४६६ प्रयोग झाले. त्याची खुंटी त्या काळाच्या एका शिष्टाचारात आहे. ऑक्सफर्डमधल्या मुलांच्या खोलीवर तरुण मुली एकट्या येऊ शकत नसत, सोबत वडीलधारी बाई हवी. चार्लीची ब्राझीलची मावशी वेळेवर पोचत नाही, म्हणून मित्राला लुगडं-चोळीचा विलायती अवतार चढवून मावशी करतात. मग खरी मावशी येते. आचार्य अत्रे यांनी याचं ‘मोरूची मावशी’ केलं आणि पुढे विजय चव्हाणांची मावशी घराघरांत पोचली. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बबन प्रभू यांनी ‘झोपी गेलेला जागा झाला’, ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ ही नाटकं लिहिली. आत्माराम भेंडे आणि बबन प्रभू या जोडीने मराठी प्रेक्षकाला ‘फार्स’ हा शब्द प्रेमाने उच्चारायला लावला. शेपटातून आलेला तुकडा आता अख्ख्या तिकिटाचा खेळ झाला होता. पुरणच पोळी झालं होतं.

फार्स चालतो कसा, हे मला प्रेक्षागृहात बसून कधीच कळलं नाही. ते कळलं एकदा विंगेतून प्रयोग पाहिला तेव्हा. समोरून दिसणारा झगझगीत दिवाणखाना मागून म्हणजे खिळे ठोकलेल्या फळ्या आणि तागे. चार दारं. तिसऱ्या घंटेआधी एक बॅकस्टेजवाला प्रत्येक दाराची कडी तीन-तीनदा लावून-काढून पाहत होता, कारण एक कडी अडकली तर पुढचा सगळा अंक अडकतो. प्रयोग सुरू झाल्यावर डावीकडून बाहेर पडलेला नट अंधारात, चपला हातात घेऊन, श्वास धरून धावत उजव्या दाराशी यायचा. धावता धावता कोट उलटा करायचा आणि आत शिरताना असा दिसायचा, की जणू झोपेतून उठून आला आहे. दारामागे एक मुलगी चहाचा ट्रे धरून उभी होती आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. मी नंतर विचारलं, काय मोजत होतीस? म्हणाली, हशा. हशा चढत असताना वाक्य टाकलं तर बुडतं. पुरता विझल्यावर टाकलं तर थंड पडतं. उतरायला लागला की दार उघडायचं. इतकी शिस्त मी शोकनाट्यात पाहिलेली नाही. शोकनाट्यात नट क्षणभर थांबला तर ती भावना ठरते, फार्समध्ये तो अपघात ठरतो.

इंग्रज लेखक मायकेल फ्रेन यालाही विंगेतून आपलाच फार्स पाहताना वाटलं, की हे समोरच्यापेक्षा मागून जास्त हसवणारं आहे. त्यातून त्याने १९८२ मध्ये ‘नॉइजेस ऑफ’ लिहिलं. त्याच्या दुसऱ्या अंकात सबंध नेपथ्यच फिरवून प्रेक्षकांना मागची बाजू दाखवतात. त्याआधी पॅरिसच्या जॉर्ज फेदो याने १९०७ च्या ‘ला प्यूस आ लोरे’ मध्ये एका बदनाम हॉटेलातला फिरता पलंग आणला. धाड पडली की कळ दाबायची, भिंतीसकट पलंग फिरतो आणि पलीकडून संधिवाताने कण्हणारा म्हातारा पुढे येतो. फेदोच्या संहितेत पायऱ्या, दारं, खुर्च्या यांचे तपशील एखाद्या घड्याळजीने लिहावेत तसे आहेत. त्याच्या नाटकांत सुरुवातीला कुणीतरी एकच, लहानशी, अगदी समजण्यासारखी थाप मारतं. ती झाकायला दुसरी, तिला झाकायला तिसरी. तिसऱ्या अंकापर्यंत त्या थापांच्या ओझ्याखाली सगळं घर वाकलेलं असतं.

आता पुन्हा मामांकडे येतो. खोट्या, निरर्थक कारभाराला फार्स म्हणायची सवय इंग्रजीत सतराव्या शतकाच्या अखेरीस लागली. आपण शब्द घेतला तेव्हा त्याच्या पोटात हा अर्थ होताच. १८५१ च्या डिसेंबरमध्ये लुई बोनापार्टने फ्रान्सची सत्ता बळकावली, तेव्हा त्याच्या काकाच्या १७९९ च्या सत्ताग्रहणाशी तुलना करून मार्क्सने पुढच्याच वर्षी लिहिलं, की पहिल्या खेपेला जी शोकांतिका होती ती दुसऱ्या खेपेला फार्स झाली. ते वाक्य इतकं गाजलं, की राजकारणाच्या लेखात फार्स हा शब्द कायमचा वस्तीला आला. आपल्याकडेही वर्तमानपत्रांनी तो उचलला. आज गूगलवर मराठीत फार्स शोधलं, तर नाटकांच्या बरोबरीने चौकशा आणि लिलाव समोर येतात.

शब्द लोकांचा असतो, ते वापरतील तो अर्थ. तरीही मला या वापरात एक अन्याय दिसतो आणि तो बोलून दाखवायला हवा. रंगमंचावरच्या फार्समध्ये खोटं सहसा सुटत नाही. पातलँला फी मिळत नाही, खोट्या मावशीसमोर खरी मावशी उभी राहते, लपलेला माणूस कपाटातून बाहेर पडतोच. दारं असतात ती याचसाठी. कार्यालयातल्या फार्समध्ये उलट आहे. तिथे दारं बंदच राहतात, खोटं सही-शिक्क्यानिशी फाइलीत जातं आणि संध्याकाळी सुखाने घरी जेवतं. त्या दिवशी मुलाखतीच्या खोलीत जे झालं, त्यात फेदोने हात घातला असता तर मी उत्तरं देत असतानाच ठरलेला उमेदवार नेमणुकीचं पत्र घेऊन चुकीच्या दाराने आत आला असता. आणि तिन्ही साहेबांना त्याला टेबलाखाली लपवावं लागलं असतं. तसं झालं नाही, म्हणून तर तो अन्याय अन्याय राहिला.

कार्यालयातल्या त्या पोकळ कृतीसाठी आपल्याकडे ‘सोपस्कार’ हा शब्द आहे आणि तोही, पाहा, स्वयंपाकघराजवळूनच आला आहे. संस्कृतात उपस्कर म्हणजे जोडीला लागणारं सामान, आणि त्याचा एक अर्थ मसाला. सोपस्कर म्हणजे सगळ्या साहित्यासह, मसाल्यासह. साहित्य सगळं आहे, मसाला आहे, पण ज्याला तो लावायचा ती भाजीच पातेल्यात नाही, असं आपल्या चौकशांचं होतं.

ज्यांनी दोन्ही फार्स एकमेकांसमोर उभे केले, अशा नाटककारांची मला म्हणूनच जास्त ओढ वाटते. भारतेंदु हरिश्चंद्र यांनी १८८१ मध्ये काशीत ‘अंधेर नगरी’ हे प्रहसन लिहिलं. भिंत पडून एक बकरी मेली, गुन्हेगार कोण? भिंतीचा मालक गवंड्याकडे बोट दाखवतो, गवंडी चुनेवाल्याकडे, चुनेवाला भिश्त्याकडे आणि असं करत करत आळ कोतवालावर येतो. पण फाशीचा दोर मोठा आणि कोतवालाची मान बारीक, म्हणून दोरात बसेल अशी जाड मान शोधायला शिपाई निघतात. चौकशी चोख झाली, साक्षी झाल्या, शिक्षाही ठरली. आणि अखेरीस फार्सचा कायदा लागू होतो, दोर राजाच्याच गळ्यात येतो. विजय तेंडुलकरांनी १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये हाच खेळ हसू काढून घेऊन मांडला. वेळ घालवायला रचलेलं अभिरूप न्यायालय, खोटा न्यायाधीश, खोटे वकील, आणि त्यात आरोपी म्हणून सापडलेली खरी बेणारे. तिथे कुठलंही दार वेळेवर उघडत नाही. त्या नाटकाची भीती मला तिथे वाटते.

आणि दारिओ फो. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या एका बँकेत बाँबस्फोट झाला. पोलिसांनी पकडलेल्यांत जुझेप्पे पिनेल्ली नावाचा रेल्वे कामगार होता. तीन दिवसांनी तो पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडून मेला. त्याने स्वतः उडी मारली असं सांगण्यात आलं, पण तपशील एकमेकांशी जुळेनात. त्या स्फोटाशी त्याचा संबंध नव्हता, हे पुढे मान्य झालं. वर्षभरात फोने ‘एका अराजकवाद्याचा अपघाती मृत्यू’ रंगमंचावर आणलं. त्यात एक वेडा पोलीस ठाण्यात शिरतो, स्वतःला वरिष्ठ न्यायाधीश म्हणवतो आणि अधिकाऱ्यांना त्या रात्रीचा प्रसंग पुन्हा करून दाखवायला लावतो. चुकलेली वेळ दुरुस्त करायला ते नवी वेळ सांगतात, मग तिच्यामुळे दुसरं काही चुकतं, ते सावरायला तिसरं. फेदोच्या नवऱ्यासारखे ते थापांवर थापा रचत जातात, फक्त इथे कपाटात प्रेयसी नाही, खिडकीखाली प्रेत आहे. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांना ऐकू येतं, की अधिकारी जे बोलतायत ते अधिकृत कागदांतलंच आहे.

प्रयोग सुरू असताना मिलानमध्ये त्या प्रकरणावरून बदनामीचा खटला चालू होता. कोर्टात नवं काही बाहेर आलं, की फो आणि त्याची मंडळी ते नाटकात घालत. संहिता कधी मिटवून ठेवलेली नव्हती, प्रवेशांच्या मधल्या फटी ते तशाच उघड्या ठेवत. तिथे त्या त्या दिवशीची साक्ष ठासून भरत.